हरणाऱ्याच्या पदरात काय पडलं? रेसलमेनिया १० चं परीक्षण

१९९४ च्या जानेवारीत डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीने एक पेच आपणहून ओढवून घेतला. २२ तारखेला प्रॉव्हिडन्समध्ये रॉयल रंबल झाली. तीस जणांच्या त्या लढतीत शेवटी ब्रेट हार्ट आणि लेक्स लुगर असे दोघेच उरले, एकमेकांना धरून दोघेही दोरांवरून बाहेर कोसळले आणि दोघांचेही पाय एकदमच जमिनीला लागले, म्हणजे आधी बाद कोण झाला ते ठरेना. रंबल जिंकणाऱ्याला रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, विजेतेपदासाठी लढण्याचा हक्क मिळतो. आता जिंकणारे दोन आणि विजेतेपदाचा बेल्ट एकच, तोही योकोझुनाच्या कमरेला.

पडद्यावर कंपनीचे अध्यक्ष म्हणून वावरणारे जॅक टनी यांनी तोडगा काढला तो नाणेफेकीचा. कौल लुगरच्या बाजूने पडला. त्याने योकोझुनाशी आधी लढायचं आणि त्यातून जो विजेता राहील त्याच्याशी ब्रेटने रात्रीच्या शेवटी लढायचं. पण मग समोरचा दमलेला आणि ब्रेट ताजातवाना, असं व्हायला नको. म्हणून ब्रेटनेही त्याच रात्री आधी एक लढत खेळायची. कोणाशी? स्वतःच्या धाकट्या भावाशी, ओवेन हार्टशी.

२० मार्च १९९४ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या दहाव्या रेसलमेनियाचा सगळा सांगाडा या एका तोडग्यावर उभा आहे. पहिला रेसलमेनिया याच वास्तूत १९८५ साली झाला होता. यंदा मात्र पहिल्यांदाच हल्क होगन नव्हता. पहिल्या नऊही रेसलमेनियांत तो होता, १९९३ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला. मालक विन्स मॅकमॅन यांच्यावर स्टेरॉइड प्रकरणात खटला भरला गेला होता आणि तो जुलैत उभा राहणार होता (त्यात ते निर्दोष सुटले). थोडक्यात, ज्याच्या नावावर तिकिटं खपायची तो माणूस नाही, मालकाच्या डोक्यावर टांगती तलवार आणि नवा नायक कोण हे अजून नक्की नाही, अशा अवस्थेत हा कार्यक्रम झाला.

या कार्यक्रमाचं परीक्षण बहुतेक वेळा एकेक लढत सुटी काढून होतं. रेसलिंगवर लिहिणारे पत्रकार डेव्ह मेल्टझर यांनी शॉन मायकल्स आणि रेझर रॅमोन यांच्या शिडीच्या लढतीला पाच तारे दिले, भावांच्या लढतीला पावणेपाच, आणि तेव्हापासून चर्चा त्या पाव ताऱ्याभोवती फिरते आहे. मला हे पुरेसं वाटत नाही. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अशा खेळात जिंकणं ही कंपनीने दिलेली वस्तू असते. खरी कसोटी हरणाऱ्याची. एखाद्याला हरवताना त्याच्या हाती काय ठेवलं, तो उद्या कुठल्या तोंडाने लोकांसमोर येणार, याचा विचार झाला होता की नाही, यावरून लढत रचणाऱ्याचं डोकं कळतं. त्या रात्रीच्या सगळ्या लढती मी याच कसोटीवर पाहतो.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पोरासोरांच्या कुस्त्या आधी लागतात आणि एक नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी. रेसलमेनिया १० ने हा क्रम उलटा केला. कुस्ती म्हणून त्या रात्रीची सर्वांत कसदार लढत पहिलीच झाली.

ब्रेट आणि ओवेन ही कॅल्गरीच्या स्टू हार्ट यांची मुलं. बारा भावंडांतला ब्रेट आठवा आणि ओवेन शेंडेफळ. घराच्या तळघरातल्या मॅटवर बापाने दोघांनाही घडवलं. भांडणाला तोंड फुटलं ते नोव्हेंबर १९९३ च्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये. हार्ट भावंडांचा संघ जिंकला, पण संघातून बाद झालेला एकटा ओवेनच. पुढे रंबलच्याच रात्री दोघे टॅग टीमच्या, म्हणजे जोडीने लढायच्या, बेल्टसाठी क्वेबेकर्स या जोडीविरुद्ध उतरले. ब्रेटचा गुडघा दुखावला, तरी तो ओवेनला टॅग न देता, म्हणजे हाताला हात लावून आपल्या जागी आत न घेता, एकटाच झुंजत राहिला आणि शेवटी रेफरीने लढत थांबवली. ओवेनने भर रिंगणात भावाच्या त्याच पायावर लाथ घातली. खलनायक झाला खरा, पण त्याचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. धाकट्याला कायम मागे उभं राहावं लागतं, हे ज्याच्या घरात दोन मुलगे आहेत त्याला समजावून सांगावं लागत नाही.

लढत वीस मिनिटांच्या थोडी वर चालली. सुरुवातीचा भाग जरूर नीट पाहावा. मनगट पिरगाळणं, हेडलॉक, सुटका, पुन्हा पकड, असं साधं काम चालू आहे. ओवेन एका पकडीतून सुटतो आणि जणू बेल्टच जिंकल्यासारखा हात वर करतो. ब्रेट नुसता बघतो. त्याला भावाला मारायचं नाहीये, लढत कशीबशी आटपायची आहे. ओवेनला मात्र भावाला हरवण्यापलीकडे काही दिसत नाही. दोघे एकच कुस्ती शिकलेत, दोघांच्या अंगावर गुलाबी-काळा रंग आहे आणि एकाने टाकलेला डाव दुसऱ्याला आधीच ठाऊक आहे. संवाद एकही नाही, तरी दोन भावांचं नातं पकडींतून समोर येतं.

मधल्या टप्प्यात ब्रेट दोरावरून बाहेर ओवेनवर झेप घेतो आणि उतरताना त्याचा गुडघा दुखावतो. रंबलमध्ये दुखावलेला तोच पाय. इथून ओवेन त्या पायाच्या मागे लागतो. पिळतो, आपटतो, फिगर-फोर हा पायांचा पेच लावतो. ब्रेट वेदनेचा अभिनय करायचा म्हणून करत नाही. पुढच्या प्रत्येक हालचालीत तो पाय जरा मागे राहतो. कोपऱ्यातून धावताना लय तुटते, उचलून आपटल्यावर तो लगेच चढाईला जाऊ शकत नाही. ओवेन शार्पशूटर लावायला जातो. ब्रेटचाच हातखंडा डाव. ब्रेट तो उलटवतो.

आणि मग शेवट. ओवेन कोपऱ्यात धावून येतो, ब्रेट पाय वर करून त्याला अडवतो आणि उडी मारून त्याच्या खांद्यांवर चढतो. तिथून पुढे कोलांटी घेऊन व्हिक्टरी रोल करायचा बेत. ओवेन खाली बसतो, ब्रेट त्याच्या वजनाखाली पाठीवर येतो. एक, दोन, तीन. खुर्ची नाही, बाहेरून कोणाची ढवळाढवळ नाही, रेफरीची नजर चुकवलेली नाही. धाकट्याने थोरल्याला सरळ चितपट केलं.

या निकालाची हिंमत समजून घ्यायला हवी. रात्र संपताना ज्याच्या हाती कंपनीचं भवितव्य सोपवायचं ठरलेलं आहे, त्यालाच पहिल्या वीस मिनिटांत स्वच्छ हरवायचं! दुसरा कोणी असता तर ओवेनला लबाडीने जिंकवलं असतं, म्हणजे नायकाची इभ्रत शाबूत. पण मग ओवेनच्या हाती काहीच राहिलं नसतं. स्वच्छ विजयामुळे त्याच्या तोंडी एक वाक्य आलं, जे पुढचे कित्येक महिने कोणी खोडू शकलं नाही: मी याला हरवलंय. आणि ब्रेटला काय मिळालं? लंगडा पाय, दुखावलेलं मन आणि रात्रीचा शेवट अजून बाकी. प्रेक्षक त्याच्यासाठी थांबला तो काळजीपोटी. विजयी नायकाबद्दल अशी काळजी वाटत नाही.

मधल्या काही लढतींवर फार शाई खर्च करायची गरज नाही. बॅम बॅम बिगेलो आणि लूना व्हशॉन यांनी डॉइंक आणि डिंक या विदूषकांना हरवलं. ती लहान मुलांसाठी होती आणि तेवढीच होती. अलंड्रा ब्लेझने महिलांचा बेल्ट लेलानी कायविरुद्ध राखला, साडेतीन मिनिटांच्या आत. ही लेलानी म्हणजे १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियात याच गार्डनमध्ये वेंडी रिक्टरकडून बेल्ट गमावणारी. तिला नऊ वर्षांनी त्याच जागी आणायचं आणि तो इतिहास लढतीत कुठेच वापरायचा नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. मेन ऑन अ मिशनने क्वेबेकर्सना हरवलं, पण रिंगणाबाहेरच्या मोजणीवर, म्हणजे समोरचे मोजणी संपेपर्यंत आत परतले नाहीत म्हणून. अशा विजयाने बेल्ट हात बदलत नाही, त्यामुळे ते क्वेबेकर्सकडेच राहिले. अर्थक्वेकने अ‍ॅडम बॉम्बला ३५ सेकंदांत आडवं केलं. अ‍ॅडम बॉम्ब उंचापुरा, दिसायला दणदणीत माणूस. त्याच्या पदरात त्या रात्री शून्य पडलं.

रँडी सॅव्हेज आणि क्रश यांची लढत वेगळ्या नियमांची होती. कुठेही चीत करा, मग हरलेल्याने ६० सेकंदांत रिंगणात परतायचं, नाही परतला तर लढत संपली. नियम किचकट आहे आणि त्यामुळे चीत केल्याचा आनंद दर वेळी पुढे ढकलला जातो. पण सॅव्हेजला कुठल्याही लढतीत जीव ओतता यायचा. शेवटी त्याने क्रशला पडद्यामागच्या भागात पायांनी उलटं टांगलं आणि स्वतः रिंगणाकडे धाव घेतली. सॅव्हेजचा हा शेवटचा रेसलमेनिया. वर्षअखेरीस तो प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये गेला. इतक्या मोठ्या मल्लाला निरोपाची लढत म्हणून ही फारच थोडी, पण त्या वेळी तो निरोप आहे हे कोणी जाहीर केलेलं नव्हतं.

आता लुगर. माझ्या मते हे त्या रात्रीचं सर्वांत शिकण्याजोगं प्रकरण आहे, आणि सर्वांत फसलेलंही.

१९९३ च्या उन्हाळ्यात कंपनीने लुगरला होगनच्या जागी बसवायचा चंग बांधला होता. ४ जुलैला इंट्रेपिड या युद्धनौकेवर त्याने योकोझुनाला उचलून आपटलं. मग त्याच्यासाठी खास बस सजवली, अमेरिकेच्या झेंड्याचे रंग चढवले आणि गावोगाव फिरवलं. समरस्लॅममध्ये तो योकोझुनाशी लढला, जिंकलाही, पण रिंगणाबाहेरच्या मोजणीवर. बेल्ट मिळाला नाही, तरी जल्लोष मात्र बेल्ट मिळाल्यासारखा केला. आता गार्डनमध्ये त्याची दुसरी संधी. रेफरी म्हणून मिस्टर परफेक्ट हा मल्ल.

ही लढत पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास आहे आणि तीत योकोझुनाने लुगरच्या मानेवर धरलेली पकड संपता संपत नाही. योकोझुना पाचशे पौंडांवरचा गडी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लीत ट्रम्प कार्डं खेळलेल्यांना त्याचं वजन पाठ असेल. त्या देहाने तो चपळ होता, पण त्याच रात्री त्याला दुसरी लढतही खेळायची होती. म्हणून पहिली मुद्दाम संथ ठेवलेली दिसते. शेवटी लुगर योकोझुनाला कोपराखालच्या फटक्याने पाडतो. तोवर मिस्टर फुजी आणि जिम कॉर्नेट या दोन मॅनेजरांनाही त्याने रिंगणात ओढून झोपवलेलं असतं. लुगर पिन करतो, म्हणजे योकोझुनाला चीत धरतो. परफेक्ट मोजत नाही. तो त्या दोन मॅनेजरांना बाहेर काढण्यात गुंतलेला आहे. लुगर चिडून त्याला धक्का देतो आणि परफेक्ट त्यालाच बाद ठरवतो.

हरणाऱ्याच्या हाती काय राहिलं? कागदावर पाहिलं तर सूड. रेफरीने दगा दिला, आता परफेक्ट-लुगर वैर रंगणार. पण ते वैर पुढे काही रुजलं नाही. त्याहून मोठी अडचण अशी की लुगर हरला तो संतापाच्या भरात. पाडलेला माणूस समोर होता, थोडा धीर धरला असता तर बेल्ट त्याचा होता. ब्रेट हरूनही आपल्या जागी उभा होता, लुगर मात्र हात दाखवून अवलक्षण करून बसला. वर्षभर वाजतगाजत आणलेल्या नायकाला तुम्ही दोनदा दारापर्यंत नेता आणि दोन्ही वेळा आत सोडत नाही, तेव्हा लोक त्याच्यासाठी दार उघडायची वाट पाहणं सोडून देतात. लुगर पुन्हा कधीही डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मुख्य विजेतेपदाच्या इतक्या जवळ पोचला नाही. ४ सप्टेंबर १९९५ ला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या टीव्ही कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात तो अचानक जाऊन उभा राहिला, तेव्हा लोक चकित झाले ते वेळ आणि जागा पाहून.

मग शिडी. सप्टेंबर १९९३ मध्ये शॉन मायकल्सकडून इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट, म्हणजे मुख्य विजेतेपदाखालोखालचा बेल्ट, काढून घेतला गेला होता. तीस दिवसांत राखला नाही, असं कारण सांगितलं गेलं. रिकाम्या झालेल्या पदावर रेझर रॅमोन आला. शॉन परतला तो जुना बेल्ट खांद्यावर टाकून, मी हरलोच नाही म्हणत. एकाच पदाचे दोन बेल्ट, दोन दावेदार. दोन्ही बेल्ट रिंगणाच्या वर टांगायचे आणि शिडी चढून जो काढील त्याचे. कल्पना अगदीच नवी नव्हती. १९९२ मध्ये ब्रेट आणि शॉन असंच लढले होते, पण ती लढत मोठ्या कार्यक्रमात दिसली नव्हती. लाखो लोकांनी लॅडर मॅच पहिल्यांदा पाहिली ती ही.

शॉनचा अंगरक्षक डीझल सुरुवातीलाच रेझरवर हात टाकतो आणि रेफरी अर्ल हेबनर त्याला हाकलून देतो. हे फार महत्त्वाचं. आता पुढे जे होईल ते दोन माणसं आणि एक शिडी यांच्यातच. शिडी एकच. पुढे २००० च्या सुमारास टेबलं, खुर्च्या आणि चार-चार शिड्यांचा पाऊस पडला, त्यात प्रत्येक आपटणं मागच्या आपटण्याखाली गाडलं गेलं. इथे शिडी आत यायलाच वेळ लागतो आणि ती आल्यावर आधी शस्त्र म्हणून वापरली जाते. बरगड्यांत खुपसायला, पाठीवर हाणायला. चढायचा विचार त्यानंतर येतो. शॉन शिडीवरून खाली पडलेल्या रेझरवर झेप टाकतो, ते छायाचित्र आजही सगळीकडे दिसतं. मला त्याहून जास्त आवडतं ते दोघांचं सावकाश चढणं. थकलेला माणूस शिडी कशी चढेल, तसेच चढतात. एक पायरी, थांबा, वर बघा, दुसरी पायरी.

शेवटी रेझर शिडीला ढकलतो, शॉन दोरांवर आदळतो आणि त्याचा पाय दोरांत अडकतो. आता तो डोळ्यांनी सगळं बघतोय आणि पाय सोडवायला धडपडतोय. रेझर वर चढतो. प्रेक्षकाला दोन्ही शर्यती एकाच चौकटीत दिसतात: वर जाणारा हात आणि न सुटणारा पाय. रेझर दोन्ही बेल्ट घेऊन खाली येतो.

ही लढत १९ मिनिटांना थोडी कमी होती. हरला शॉन, आणि त्या रात्रीनंतर सगळ्यांत मोठा झाला तोही शॉनच. बेल्ट रेझरकडे, चर्चा शॉनची. म्हणजे रेझरवर अन्याय होतो, कारण त्याच्या भारदस्त, संयमी कामाशिवाय शॉनचं उडणं-पडणं नुसती कसरत झाली असती. पाच तारे देणाऱ्यांशी माझा वाद नाही. पण पहिल्या लढतीने रात्रभर पुरेल असा प्रश्न सोडला होता, शिडीच्या लढतीने स्वतःपुरतं उत्तर दिलं. पाव तारा मी इकडून काढून तिकडे लावीन.

दोन्ही मोठ्या लढतींनी भरपूर वेळ घेतला, आणि जाहीर झालेली दहा जणांची टॅग लढत वेळेअभावी रद्द झाली. खलनायकांचा संघ कप्तान कोण यावरून पडद्यामागे भांडताना दाखवला आणि विषय मिटवला. ती लढत नंतर रॉ या कंपनीच्या टीव्ही कार्यक्रमात झाली. योग्यच झालं. वन-टू-थ्री किड, टटांका, जेफ जॅरेट या कष्टाळू लोकांना गार्डनची रात्र मिळाली नाही ही खंत आहेच, पण शॉन-रेझरमधली पाच मिनिटं कापून ती भरून काढली असती तर आज हे परीक्षण लिहायला मी बसलो नसतो.

शेवटची लढत ब्रेट आणि योकोझुना यांची, रेफरी रॉडी पायपर. दहा-अकरा मिनिटांची. ब्रेट लंगडतच येतो. पहिल्या लढतीतला गुडघा इथेही दुखतोय, म्हणजे ओवेन रिंगणात नसूनही लढतीत आहे. कॉर्नेट मध्ये कडमडतो आणि पायपरचा ठोसा खातो. योकोझुना ब्रेटला कोपऱ्यात आडवं करतो, दोरांवर चढतो. आता बन्झाय ड्रॉप: अख्ख्या वजनासकट छातीवर बसायचं. तो वर गेला की गडी संपला, असं वर्षभर बघितलेलं. योकोझुनाचा तोल जातो. तो मागच्या मागे कोसळतो, ब्रेट त्याचा पाय धरतो, पायपर तीन मोजतो.

अनेकांना हा शेवट लेचापेचा वाटतो. शार्पशूटर लागला नाही, ब्रेटने जिंकण्याजोगं काही केलं नाही, समोरचा आपणच पडला. मला हा निकाल पटतो, आणि त्याचं कारण पहिल्या लढतीत आहे. त्या पायाने ब्रेट पाचशे पौंडांना उलटवून शार्पशूटर लावतो, असं दाखवलं असतं तर ओवेनने केलेली सगळी मेहनत खोटी ठरली असती. मागच्या वर्षी लास व्हेगासमध्ये याच ब्रेटकडून योकोझुनाने बेल्ट घेतला होता आणि लगेच होगन येऊन तो पळवून गेला होता. इथे तसं कोणी येत नाही. जे येतात ते ब्रेटला खांद्यावर घेण्यासाठी. त्यांत लुगरही येऊन हात मिळवतो, म्हणजे कंपनीने त्याच्याच हातून त्याची दावेदारी सोडवून घेतली. आणि रिंगणापासून दूर ओवेन उभा राहून पाहतो. त्याला कोणी बोलावलेलं नाही. पण त्या सगळ्या गर्दीत विजेत्याला त्या रात्री चीत करणारा माणूस तोच.

पुढचं वर्ष या नजरेवर चाललं. जूनमध्ये ओवेनने किंग ऑफ द रिंग ही स्पर्धा जिंकली, ऑगस्टमध्ये शिकागोत पिंजऱ्यात भावाशी बेल्टसाठी भिडला आणि हरला. योकोझुनाच्या हाती मात्र त्या रात्री काहीच दिलं गेलं नव्हतं. ज्या वजनाच्या जोरावर तो राज्य करत होता त्याच वजनाने त्याला पाडलं आणि विजेता म्हणून त्याची गोष्ट तिथेच थांबली. त्याचं काय करायचं, हे कंपनीला वर्षभराने सुचलं. ११ व्या रेसलमेनियात ओवेन टॅग टीमच्या बेल्टसाठी उतरला तेव्हा त्याने आपला जोडीदार गुपित ठेवला होता. तो निघाला योकोझुना, आणि दोघांनी स्मोकिंग गन्स या जोडीकडून बेल्ट घेतले.